बेचाळिसावी पायरी

चहा ठेवा, पण माझ्यात साखर कमी. आणि मधे कुणी हसलं तर मी तिथंच थांबणार, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या खेपेला हा किस्सा निम्म्यावर आला आणि आमचे शेजारी खोकल्याचं निमित्त करून हसले. मला कळत नाही असं वाटतं काय लोकांना?

तर, माझ्या हातून गाढवपणा लई वेळा झाला. नवे साहेब समजून साहेबांच्या स्वयंपाक्याला मी तीन वेळा वाकून सलाम केलाय. पण ते सगळं किरकोळ. पोलीस पाटलानं दंडाला धरून, भर दुपारी, अख्ख्या गावासमोर चावडीत नेलं, असा गाढवपणा एकच. आमच्या धाराशिवात झाला असता तर कुणीतरी ओळखीचं निघालं असतं, सोडवलं असतं. तो झाला पार समुद्राच्या काठाला!

धाराशिवचा माणूस आणि समुद्र! अहो, आमच्याकडं उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा खणायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. तिथल्या माणसाला समुद्राकडं जायचं कारणच काय?

कारण होतं. माझी बहीण.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं जगात लढाई चालली होती. मी कचेरीत मुन्शी होतो. गावाचं नाव तोंडात धाराशिव आणि कागदावर उस्मानाबाद, तसंच माझंही होतं. घरात मराठी, कागदावर उर्दू. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. विचार मी मराठीतच करायचो, पण हातात लेखणी आली की हात आपोआप उजवीकडून डावीकडं चालायचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

वडील लवकर गेले. घरात आई, मी आणि धाकटी यमू. यमू हुशार, कामाला वाघ, बोलायला माझ्यापेक्षा चार पावलं पुढं. पण लहानपणी तिला मोठा ताप आला होता. ताप गेला, डावा पाय मात्र अधू करून गेला. चालते, सगळं करते, पण पाऊल जरा ओढून टाकते.

तीन स्थळं आली. तिन्ही वेळा मी आधीच सांगितलं, पाय असा असा आहे. तिन्ही वेळा माणसं चहा पिऊन, गोड बोलून गेली आणि परत काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या वेळेला यमू आत पोह्यांच्या बश्या विसळत होती. एकच बशी किती वेळ विसळत होती, ते मी दारातून बघत होतो. त्या दिवशी मी मनात ठरवलं, आता पुढच्याला सांगायचं नाही. लग्न लागलं की लागलं.

चूक होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ती बशी तुम्ही बघितली नव्हती.

चौथं स्थळ परंड्याच्या मामांनी आणलं. घराणं मूळचं परंड्याचंच, पण मुलाच्या वडिलांना पूर्वी रत्नागिरीच्या बाजूला नोकरी लागली आणि ते तिकडंच राहिले. आता वडील नव्हते. मुलगा श्रीधर, तिथल्या एका लहान बंदरावर कारकून. घरात तो आणि त्याची आई, मामा तिला माई म्हणायचे. बंदराचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथं अजून मला ओळखणारी माणसं आहेत.

मी पत्रिका लिहून काढली, सोबत चार ओळी लिहिल्या, पायाचा उल्लेख टाळला. लिफाफा यमूच्या हातात दिला आणि म्हणलं, "खळ लावून नीट डकव, आणि टपालात टाकायला सांग."

"डकवते की," ती म्हणाली.

हेही ध्यानात ठेवा.

आमच्याकडं रीत अशी की मुलाच्या दारात जायच्या आधी त्याच्या गावात परभारे चौकशी करायची. मुलगा काय करतो, कुणात बसतो, आई कशी आहे, सगळं त्यांना न कळता. मी तर कचेरीतला माणूस. तहकीकात म्हणजे माझ्या हातचा मळ! दहा दिवसांची रजा काढली. आईला म्हणलं, मी जाऊन येतो, कुणाच्या बापाला कळणार नाही.

यमू शेजारीच शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "दादा, तू गुपचूप जाणार?"

"मग काय वाजंत्री लावून जाऊ?"

"न्हाय, जा की. शेरवानी नको घालू पण. तिकडं उकडतं म्हणतात."

मी ऐकलं काय? अहो, चांगला कपडा एकच होता, कचेरीची काळी शेरवानी. वर काळी टोपी. येडशीहून छोटी गाडी, कुर्डुवाडी, मिरज, कोल्हापूर, आणि मग घाट उतरणारी मोटार. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, ती मोटार कोळशाच्या धुरावर चालायची आणि चढ आला की आम्हीच उतरून तिला ढकलायचो. बंदरावर उतरलो तेव्हा शेरवानी काळी होती म्हणून बरं.

दामूअण्णांच्या खानावळीत उतरलो. दामूअण्णा उघडेबंब, गळ्यात जानवं, आणि चौकशीत माझ्यापेक्षा तरबेज.

"आलात कुठून?"

"मोगलाईतून. उस्मानाबाद."

"एवढ्या लांबून? कामासाठी?"

"काम कसलं! हवापालट. नुसतं हिंडणार, गाव बघणार."

"आमचे गाव बघायला कोणी येत नाही हो," दामूअण्णा म्हणाले, आणि माझ्या शेरवानीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

पहिल्या दिवशी तेच मला हिंडवायला निघाले. गाव लहानच. खाली धक्का, होड्या, सुकत घातलेली जाळी. धक्क्याच्या वर बंदरकचेरी. तिथून डोंगराच्या अंगावर घरं चढत गेलेली. एकाच्या अंगणाला दुसऱ्याचं छप्पर टेकलेलं. वर जायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, तिला तिकडं पाखाडी म्हणतात. वास म्हणाल तर पहिले दोन तास मी रुमाल नाकाला लावला, नंतर भूक लागली तेव्हा सोडला.

श्रीधरचं घर पाखाडीच्या पार वरच्या टोकाला निघालं. आणि विहीर? पाखाडीच्या पार खाली!

मुलगा कसा, आई कशी, सगळं राहिलं बाजूला. माझ्या डोळ्यांसमोर यमू आली. काखेत कळशी, आणि ते पाऊल ओढत ती एकेक पायरी चढतेय. पावसाळ्यात ह्या दगडावर शेवाळ धरत असणार. कोण आहे तिथं तिला धरायला?

तेव्हापासून माझी तहकीकात बदलली. मी सारं गाव पावलांनी मोजायला लागलो. विहीर ते घर, घर ते दुकान, दुकान ते देऊळ. चढ कुठं, सपाटी कुठं, टेकायला कठडा कुठं. खिशातून वही काढायची, तिथंच उभं राहून लिहायचं, वही खिशात. आणि लिहायचं कशात? उर्दूत! म्हणलं, कोकणातल्या बंदरात उर्दू कोण वाचणार? कुणाच्या हाती वही पडली तरी बिनघोर. काय डोकं चालवलं होतं, सांगा!

दुसऱ्या दिवशी दामूअण्णांना टाळून एकटाच हिंडलो. सकाळी धक्क्यावर गेलो तर समुद्र साठ पावलं मागं सरकलेला, नुसता चिखल. दुपारी गेलो तर पाणी धक्क्याच्या दगडाला लागलेलं. मी तीनतीनदा जाऊन मोजलं, दर वेळी आकडा वेगळा. आमच्या गावच्या विहिरीला सकाळी जेवढं पाणी तेवढंच संध्याकाळी असतं हो! एका खलाशाला विचारलं, "हे पाणी कधी येतं आणि कधी जातं?"

"तुम्हाला कशाला हवी पाण्याची वेळ?" तो म्हणाला.

"असंच. लिहून ठेवतो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मी बंदरकचेरीसमोरच्या पानवाल्याला विचारलं, कारकून किती वाजता येतो, किती वाजता जातो, एकटा जातो का, कुठल्या वाटेनं जातो. पानवाल्यानं पान दिलं, पण पैसे घ्यायलाच विसरला.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला काही कळत नव्हतं काय? त्या दिवसांत किनाऱ्यावर दवंडी पिटलेली होती की अनोळखी माणूस दिसला तर कळवा, शत्रूचे लोक हिंडत असतील. हे सगळ्या गावाला ठाऊक. मला नव्हतं. मला वाटलं, लोक आपल्याकडं बघतात ते शेरवानीमुळं. मी तर उलट टोपी सरळ करून चालायचो.

तिसऱ्या दिवशी मी जे केलं ते आजवर आईलाही नीट सांगितलेलं नाही.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच, यमूला ही पाखाडी जमेल का? शेवटी ठरवलं, अंदाज कशाला, उद्या स्वतःच करून बघू. ऊन चढल्यावर दामूअण्णांना म्हणलं, "एक कळशी द्या."

"आंघोळीला पाणी आहे की मोरीत."

"आंघोळीला नको. वर न्यायचीय."

"कुठे वर?"

"कुठं नाही. वर न्यायची आणि खाली आणायची."

दामूअण्णांनी कळशी दिली. मी पाठ फिरवली आणि ते, मला नंतर कळलं, मागच्या दारानं थेट पोलीस पाटलांकडं पळाले.

मी विहिरीवर कळशी भरली, खांद्यावर घेतली. बायकांसारखी काखेत घेता येईना. आणि डावा पाय ओढत, मुद्दाम लंगडत, पाखाडी चढायला लागलो. ऊन डोक्यावर, अंगात शेरवानी, मानेवरून पाणी आत उतरतंय. तोंडानं मोजतोय, सात, आठ, नऊ. विहिरीवरच्या बायकांनी दोर सोडून दिले आणि बघत उभ्या राहिल्या. दोन दिवस धडधाकट हिंडणारा माणूस आज लंगडतो काय, दुसऱ्याचं पाणी भरतो काय, आणि आकडे काय पुटपुटतो!

मधे माझा जीव घाबरा झाला. दम लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली. पायरीवर बसलो, दोन मिनिटं श्वास घेतला, परत उठलो, आकडा धरला आणि चढलो. वरच्या पायरीवर पोचलो. बेचाळीस!

समोर अंगणात एक बाई उभ्या होत्या. साठीच्या असतील. पदर खोचलेला, नजर धारदार. श्रीधरची आई. सारं गाव त्यांना माई म्हणायचं. मी त्यांना दोन दिवस लांबून बघून ठेवलं होतं.

"पाणी आमच्याकडे आणलेत का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणलं, "न्हाय, परत खाली न्यायचंय."

तेवढ्यात मागून दंडावर हात पडला. पोलीस पाटील! आणि त्यांच्या मागं दामूअण्णा, पानवाला, खलाशी, विहिरीवरच्या बायका. पाखाडी माणसांनी भरून गेली होती.

"चला चावडीत," पाटील म्हणाले.

कळशी तिथंच माईंच्या अंगणात राहिली.

चावडीत मला मधे उभं केलं. पाटील सज्जन माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. आणि एवढ्या लांबून का आलो? हवापालट. लंगडत पाणी का वाहत होतो? आता ह्याला हवापालट म्हणता येईना. त्यांनी वही मागितली. वही उघडली, उलटीकडून बघितली, सुलटीकडून बघितली.

"ही कसली लिपी? सांकेतिक दिसते."

अख्खी चावडी शहारली. दामूअण्णा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, साधी उर्दू आहे!" मी म्हणलं. झालं! तोंडातून शब्द गेला आणि पाटलांनी शांतपणे हाक दिली, "इस्माईल तांडेलांना बोलवा."

कोकणात उर्दू कोण वाचणार? इस्माईल तांडेल वाचणार! पांढरी दाढी, चाळीस वर्षं मचवा हाकलेला माणूस. येऊन बसले, चष्मा कानाला दोऱ्यानं अडकवला आणि वही हातात घेतली. मी दाराकडं बघितलं. दारात माई उभ्या होत्या. कचेरीतून श्रीधरलाही बोलावलं होतं, कारण सगळी चौकशी त्याचीच केलेली. तोही तिथं, आईच्या मागं.

माझ्या त्या वहीत काय काय होतं, ते मलाच ठाऊक!

तांडेल वाचायला लागले. वाचायचे उर्दू आणि सांगायचे मराठीत, सावकाश, एकेक शब्द.

"धक्का ते बंदरकचेरी, एकशे दहा पावले. बंदरकचेरी ते कारकुनाचे घर, दोनशे, निम्मी चढाची."

पाटलांनी मान डोलावली. मोजमाप!

"सकाळी पाणी साठ पावले लांब. दुपारी धक्क्याला. कारण समजत नाही. पुन्हा बघणे."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. हेराला भरती ओहोटी कळत नाही?

"कारकून पाचाला बाहेर पडतो. कुणाशी बोलत नाही. शिष्ट असावा."

श्रीधरनं मान खाली घातली.

"कारकून सकाळी स्वतः पाणी भरतो. घरात गडी नाही. माणसं हलकी वाटतात."

आता चावडीत सगळे श्रीधरकडं बघायला लागले.

"म्हातारी दिवसभर अंगणातून पाखाडीवर नजर ठेवते. जिभेनं तिखट असणार. सांभाळून राहावं लागेल."

काय सांगू तुम्हाला! मला वाटलं, तो समुद्र साठ पावलं लांब कशाला राहिलाय, आत का येत नाही? माईंचा चेहरा मात्र हलला नाही. तांडेलांनी पान उलटलं.

आणि ते पान यमूचं होतं.

"थांबा!" मी ओरडलो. "तेवढं पान वाचू नका."

"का?" पाटलांनी विचारलं.

का ते कसं सांगू? सांगितलं तरी तेच, वाचलं तरी तेच. चौथं स्थळ माझ्या डोळ्यांदेखत जात होतं. माझ्यापुढं यमू आणि ती बशी आली. मी सरळ हात पुढं केले आणि म्हणलं, "मी हेर आहे."

पाटील जागचे उठले.

"काय म्हणालात?"

"व्हय, हेर आहे मी. शत्रूचा आहे. बांधा मला आणि न्या तालुक्याला. पण ती वही मिटा."

कुणाच्या शत्रूचा, ते मला धड सांगता आलं नसतं. पाटलांनी विचारलं नाही, माझं नशीब.

तांडेलांनी तोवर ते पान मनातल्या मनात वाचून काढलं होतं. त्यांनी चष्मा काढला, वही मिटली आणि म्हणाले, "पाटील, ह्यात बंदराचे काही नाही. घरातले आहे. हे चारचौघांत वाचायचे नाही."

"माणूस कबूल करतोय हेर आहे म्हणून!"

"ह्याला हेर कोण ठेवील?" तांडेल म्हणाले.

तेव्हा दारातून माई पुढं आल्या. "वाचा तांडेल," त्या म्हणाल्या. "आमच्याच घरचे आहे ते. काय असेल ते मला माहीत आहे."

तांडेलांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बसलो. त्यांनी वाचलं, पण आवाज उतरवून.

"विहीर ते घर, पायऱ्या खूप. यमूचा डावा पाय अधू. कळशी घेऊन जमेल का, उद्या स्वतः चढून बघणे. मुलाकडच्यांना पायाचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर हेही जातील. नाही सांगितलं तर ती इथं रोज एकटी चढणार आणि मी तिकडं लांब बसणार. काय करावं कळत नाही. देवी, वाट दाखव."

कुणी हसलं नाही. विहिरीवरची एक बाई पदरानं डोळे पुसत होती. मी मान वर करून म्हणलं, "माई, चूक माझी आहे. तिची नाही. मी लपवलं. तिला ह्यातलं काही ठाऊक नाही."

"ठाऊक नाही?" माई म्हणाल्या. त्यांनी कनवटीतून घडी घातलेला एक कागद काढला. "मग हे वाचा. मराठीत आहे, येते ना?"

अक्षर यमूचं! मी लिफाफा डकवायला दिला होता ना, त्याच्यात तिनं माझ्या पत्रिकेमागं स्वतःची चिठ्ठी घातली होती. मला तेव्हा चावडीत ती मोठ्यानं वाचायला लावली, तेव्हापासून पाठच आहे.

"तीर्थरूप माईंना साष्टांग नमस्कार. माझा डावा पाय अधू आहे. दादाने लिहिलेले नसणार, म्हणून मी लिहिते. मी सगळे काम करते. तुळजापूरला दर वर्षी देवळाच्या सगळ्या पायऱ्या उतरते आणि एकटी चढते. दादाला मधे बसावे लागते. हे वाचून नको वाटले तर तसे खुशाल कळवावे, मी वाईट वाटून घेणार नाही. दादा गुपचूप चौकशीला येईल. सगळ्या गावाला कळेलच. त्याला रागावू नये, तो मनाने फार चांगला आहे. फक्त त्याला एकट्याला हिंडू देऊ नये."

शेवटच्या ओळीला चावडी फुटली. तांडेल हसले, पाटील हसले, दामूअण्णा तर भिंतीला टेकून हसत होते. मी कागद हातात धरून बसलो. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. दर वर्षी मी तिचा हात धरून तिला चढवतो, अशी माझी समजूत. आता आठवलं तर खरंच, हात धरायचो तो पहिल्या चार पायऱ्या. पुढं मी बसायचो आणि ती वर जाऊन थांबायची.

"म्हणजे तुम्ही मला पहिल्या दिवसापासून..." मी माईंना म्हणलं.

"मोटारीतून उतरलात तेव्हाच. असली शेरवानी ह्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाची?"

"मग बोलला का नाहीत?"

माई आता हसत नव्हत्या. "मुलगी खरे बोलली. भाऊ कधी बोलतो, ते बघत होते. दोन दिवस तुम्ही दारावरून गेलात आणि आत आला नाहीत. काल रात्री श्रीधरला म्हटले, मुलगी सोन्यासारखी आहे, पण हे घर लपवणारे आहे. नको म्हणून कळवू."

ऐकताय ना? पायानं काही बिघडत नव्हतं. बिघडवत होतो मी! तीन स्थळं पायामुळं गेली असतील, चौथं माझ्यामुळं जात होतं.

"आणि आता?" मी कसंबसं विचारलं.

"बहिणीसाठी हेर व्हायला निघालात. आता काय म्हणायचे तुम्हाला!" माई पाटलांकडं वळल्या. "सोडा हो ह्यांना. जेवायला नेते."

पाटलांनी वही परत दिली. निघताना श्रीधर जवळ आला. तीन दिवसांत मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होतो. तो अगदी हळू म्हणाला, "आमच्याकडे पाणी मीच भरतो. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून. पुढेही मीच भरणार आहे. तुम्ही लिहिले आहे ना वहीत?"

लिहिलं होतं की! 'माणसं हलकी' म्हणून लिहिलं होतं. ज्याच्यासाठी तीन दिवस पाखाडी मोजली, लंगडलो, धरला गेलो, त्याचं उत्तर मी आधीच वहीत लिहून ठेवलं होतं, आणि वर त्याला नाव ठेवलं होतं. असा मुन्शी निजामाला मिळाला, राज्य चाललं कसं म्हणतो मी!

लग्न धाराशिवलाच झालं. पाटील आले नाहीत, पण त्यांनी आहेर म्हणून एक कळशी पाठवली. नव्हे, यमूला नाही. मला.

आणि तेही राहू द्या. लग्नानंतर वर्षभरानं मी यमूला भेटायला गेलो. या वेळी धोतर आणि सदरा. मला घ्यायला ती स्वतः मोटारीपाशी आली होती. सारं बंदर तिनं मला हिंडवून दाखवलं. भरती कधी, ओहोटी कधी, कुठली होडी कुणाची. वाटेत जो तो तिच्याशी बोलत होता आणि माझ्याकडं बघून हसत होता. मग पाखाडी आली. ती आपलं पाऊल ओढत पुढं, मी मागं. निम्म्यावर मी बसलो.

ती वर जाऊन थांबली, कठड्याला टेकून. मी धापा टाकत पोचलो आणि म्हणलं, "यमे, कमाल आहे तुझी. रोज ह्या बेचाळीस पायऱ्या!"

"बेचाळीस कुठल्या?" ती म्हणाली. "एक्केचाळीस आहेत."

"शक्यच नाही. कळशी घेऊन मोजल्यात मी!"

"व्हय रे दादा," यमू म्हणाली, "पण तू बसलास ना मधे? ती पायरी दोनदा मोजलीस."